परदेशी सून आणि दोन वर्षे

मंडळी, बाप्पापुढे कायद्याचं बोलतोय, रागावू नका. बडोद्यातल्या आपल्या घरांतही आता परदेशी सुना येतात. लग्न थाटात होतं. नोंदणी मात्र ‘बघू नंतर’. इथं कायम राहायला, नोकरी करायला ओसीआय कार्ड सोयीचं. त्यासाठी नोंदलेलं लग्न सलग 2 वर्षे टिकलेलं लागतं. नोंदणी रखडली की कार्ड रखडतं, अन् शिकलेली सून मोदक वळत बसते! कार्डावर खासगी नोकरी चालते; सरकारी नोकरी, मतदान, शेतजमीन खरेदी नाही. आणि घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं. हे तिला लग्नाआधीच सांगा, आईबापांनो. कागदपत्रांचं आरतीनंतर विचारा. मी प्रसादाच्या रांगेतच आहे.