कायम काम, हंगामी माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



विद्यापीठाची नोकरभरतीची जाहिरात शेवटच्या ओळीपासून वाचावी. पदनाम आणि पात्रता वर ठळक छापलेली असते. खरी अट तळाशी असते. नेमणूक अकरा महिन्यांची, मानधन एकत्रित, आणि कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही. परीक्षा विभागातील लिपिक, सरकारी रुग्णालयातील परिचारिका, संशोधन प्रकल्पातील प्रयोगशाळा सहायक या तिघांच्याही वाट्याला अशा अटी येतात.

तिघांच्या कामांत भेद मात्र आहे. प्रकल्पाचे अनुदान तीन वर्षांचे असेल तर त्यातील पदही तेवढ्याच मुदतीचे असणार, हे समजण्यासारखे आहे. (तोच सहायक एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात वर्षानुवर्षे फिरत राहतो, ही गोष्ट निराळी.) परंतु परीक्षा दरवर्षी होतात आणि रुग्णालयाचा वॉर्ड अकरा महिन्यांनी बंद होत नाही. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाची भिस्त प्रारंभापासून कंत्राटी माणसांवर राहिली. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याच्या नावात नियमनाबरोबर निर्मूलन हाही शब्द होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेच्या नावात तो नाही. ही काही छापखान्याची चूक नव्हे.

यावर ‘सर्वांना कायम करा’ ही घोषणा सोपी आहे. पण पुरेशी नाही. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मागल्या दाराने झालेल्या भरतीला नकार दिला. त्यामागचा विचार कामगार चळवळीने झिडकारण्याजोगा नाही. ज्या तरुणाला जाहिरातच दिसली नाही, त्याच्या समान संधीचे काय? ठेकेदाराने परस्पर माणसे नेमली तर राखीव जागांचा हिशेब कोण ठेवणार? तथापि सरकारांनी या निर्णयाची ढाल केली. मंजूर पदे रिकामी ठेवायची, त्याच कामावर हंगामी माणूस राबवायचा आणि त्याने हक्क मागितला की उमादेवीकडे बोट दाखवायचे! डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात न्यायालयानेच या गैरवापरावर बोट ठेवले. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगातील रोजंदारी कर्मचाऱ्यांना कायम करण्याचा आदेश देताना पैशाच्या टंचाईची सबबही त्याने मानली नाही. त्या कर्मचाऱ्यांची तोवर तीन दशके उलटून गेली होती.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय कामासाठी खाजगी संस्थांमार्फत माणसे घेण्याचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरात तो रद्द झाला. त्या वेळी स्पर्धा परीक्षेचा उमेदवार आणि कंत्राटी परिचारिका यांचे हित एकच असल्याचे स्पष्ट झाले. दोघांनाही मंजूर पदांची खुली भरती हवी. राबलेल्याच्या अनुभवाला तीत गुण मिळावेत, वयाची अट शिथिल व्हावी, एवढेच अधिकचे मागणे.

ही मागणी मांडावी कोणी? कायम कर्मचाऱ्यांच्या किती संघटनांच्या पावतीपुस्तकात कंत्राटी माणसाचे नाव सापडते, हे येथे बसलेल्या प्रत्येक पदाधिकाऱ्याने पुढील बैठकीपूर्वी आपापल्या जिल्ह्यात पाहून यावे.