‘कसा पडना रे भो?’

आजचा भाग सारंगखेड्यातून. मागे घोडे खिंकाळताना ऐकू आले तर दचकू नका, दत्तजयंती जवळ आलीय आणि तापीकाठी घोडेबाजार भरायला लागलाय.

याच बाजारात एक गोष्ट मी लहानपणापासून बघतोय. घोडा फिरवताना कुणी पडला की दोन मिनिटांत चार जण गोळा होतात. लागलं का, हे विचारून झालं की लगेच दुसरा प्रश्न. ‘कसा पडना रे भो?’ तंग ढिला होता का? रिकीब लांब होती का? घोडा कशाला बुजला? पडलेला माणूस कपडे झटकत झटकत सगळं सांगतो. बाजूला उभं राहून ऐकणारं बारा वर्षांचं पोरगं त्या दिवशी घरी गेल्यावर तंग दोनदा ओढून बघतं. (घोडा विकायचा असला की मालक वेगळंच सांगतो. ते असू द्या.)

आता आम्ही कातळ चढणारे. आमच्यात कुणी पडलं की काय होतं? श्रद्धांजलीचे स्टेटस पडतात. ‘डोंगराने आपला माणूस जवळ केला’ वगैरे. नेमकं काय झालं असं विचारलं की उत्तर येतं, ‘आत्ता नको.’ आत्ता नको हे मला मान्य आहे. घरात माणूस गेलेला असतो, आईबाप कोसळलेले असतात. पण सहा महिन्यांनी विचारलं तरी ‘आत्ता नको’च असतं, आणि माझं भांडण तिथे आहे.

नोव्हेंबर 2020. मनमाडजवळची हडबीची शेंडी. थम्स-अप म्हणून फोटोत तुम्ही पाहिलीच असेल. तिथे दोन तरुण गिर्यारोहक गेले. उतरताना. त्याच वर्षी जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. कितीतरी जणांना दोर धरायला शिकवलेला ज्येष्ठ माणूस. तेही कडा उतरण्याच्या मोहिमेतच. एकाच वर्षातल्या या दोन्ही बातम्यांमध्ये चढाई कुठेच नाहीये, हे लक्षात येतंय का?

बाहेरच्या जगातही तेच. ब्रॅड गोब्राइट, अमेरिकेतला अव्वल क्लाइंबर, 2019 मध्ये मेक्सिकोत रॅपलिंग करताना गेला. दोराच्या टोकाला गाठ नव्हती, दोर संपला. टॉड स्किनर, 2006, योसेमिटी. त्याच्या हार्नेसचा पुढचा लूप झिजला होता आणि रॅपलिंग करताना तो तुटला. झीज आधी दिसली होती, नवा हार्नेस मागवलेलाही होता. लिन हिल मात्र वाचली. 1989, फ्रान्समधलं बुऊ. तिने हार्नेसची गाठ अर्धवट सोडली होती. वर पोचून खाली यायला म्हणून दोरावर भार टाकला आणि 70 फुटांहून जास्त खाली आली. झाडाने झेललं म्हणून जिवंत राहिली. पुढे तिनेच हे जगाला सांगितलं. आज आपण चढण्याआधी एकमेकांची गाठ तपासतो ना, ती सवय अशाच सांगण्यातून रुजते.

उतरताना असं का होतं? चढताना तुमचा भार बहुतेक वेळ हातापायांवर असतो, दोर असतो तो पडलात तर म्हणून. रॅपलिंगमध्ये पहिल्या क्षणापासून सगळं वजन दोरावर आणि दोर ज्याला बांधलाय त्या खिळ्यावर. त्यात आपला सह्याद्री बेसॉल्टचा, थराथराचा. वरून घट्ट वाटणारा दगड आतून सुटलेला असू शकतो. जुना गंजलेला खिळा दिसला की ‘कुणीतरी वापरलाय म्हणजे चालेल’ असं वाटतं. आधीचा माणूस उतरला तेव्हा तो टिकला, एवढंच त्यातून कळतं. म्हणून दोन वेगवेगळे आधार हवेत, एक सुटला तरी भार दुसऱ्यावर जाईल असे. टोकाला गाठ हवी. आणि हात सुटला तरी पकडेल अशी प्रुसिकची गाठ हवी. वर दमलेले असता, ऊन उतरत असतं, खाली चहा दिसत असतो. नेमकं तेव्हाच हे सगळं नकोसं होतं.

अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून अपघातांचे अहवाल छापतोय. कोण कुठे पडलं, का पडलं, काय केलं असतं तर टळलं असतं. मला त्यातला सूर आवडतो. ‘बेफिकीर पोरं’ हा शब्द नसतो, आणि ‘नशीब’ हाही नसतो. आपल्याकडे हे दोनच शब्द असतात. बातमीखाली लोक पहिला लिहितात, आपण आपसात दुसरा. लोकांच्या पहिल्या शब्दाची भीती वाटते म्हणून आपण दुसऱ्यामागे लपतो, असं माझं मत आहे. डोंगरावर बंदी येईल ही भीतीही खरी आहे. पण गप्प बसून ती टळलेली मी तरी पाहिलेली नाही.

हे मी आज का बोलतोय? शहाद्याकडची दोन पोरं जानेवारीत सुळक्यावर जाणार आहेत. पहिलीच मोहीम. मला विचारत होती, ‘दादा, हडबीच्या शेंडीवर नेमकं काय झालं होतं?’ त्यांच्या हातात ठेवता येईल असं मराठीतलं एक पानही मला देता आलं नाही. बातम्यांची कात्रणं दिली. अँकर कसा लावला होता, कितीजणांचा भार होता, कुणी आणि केव्हा तपासला, यातलं काहीच त्यात नाही.

तर माझी मागणी छोटी आहे. मेलेल्यांबद्दल नका सांगू. वाचलेल्यांनी सांगा. खिळा हलला पण निघाला नाही, गाठ चुकली पण मित्राने बघितली, दगड कानाजवळून गेला. नाव नको, ग्रुप नको. जागा, वेळ, काय झालं. व्हॉइस नोट पाठवा, आम्ही इथे वाचून दाखवू.

जाता जाता, गेल्या भागावर आलेला प्रश्न. ‘दोर किती वर्षांनी टाकायचा?’ कंपनीच्या कागदावर मुदत लिहिलेली असते. न वापरताही दहा वर्षांच्या पुढे बहुतेक कंपन्या जात नाहीत. मोठा झटका बसला, आवरण फाटलं किंवा हाताला कुठे मऊ, पोकळ लागलं तर त्याच दिवशी बाद. आणि बाद केलेला दोर कापून टाका, नाहीतर तो कुणीतरी घोडा बांधायला म्हणून नेतो आणि पुढच्या वर्षी सुळक्यावर दिसतो.