कुंपणाच्या भिंतीवरची मुले



आम्ही शाळेत असताना शेवटच्या तासाला मैदानावर खो-खोचा संघ निवडला जाई. मास्तर चपळ मुलांना बाजूला काढीत आणि आम्ही उरलेले कुंपणाच्या भिंतीवर बसून त्यांची दप्तरे सांभाळीत असू. संघाने ढाल आणली, तिची मिरवणूक निघाली, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण भिंतीवर बसण्याची जी सवय त्या वयात जडली, ती मोडावयास आम्हांला तीस वर्षे लागली. आणि तीही डॉक्टरांनी रक्तातील साखर वाढल्याचे सांगितले तेव्हा!

हे गाऱ्हाणे आमच्या एकट्याचे असते तर येथे मांडले नसते. हेलसिंकीचे नाव आपणांस खाशाबा जाधवांच्या १९५२ सालच्या कांस्यपदकामुळे परिचित आहे. त्याच फिनलंड देशात १९८० साली काही हजार मुलांची पाहणी सुरू झाली आणि ती मुले प्रौढ झाल्यावरही संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. एकवीस वर्षांनंतर असे आढळले की, लहानपणी सलग काही वर्षे खेळलेली मुले मोठेपणीही हिंडतीफिरती राहण्याचा संभव अधिक. यात भर ‘सलग’ या शब्दावर आहे. एखादा हंगाम खेळून सोडून देणे, हे एक दिवस जेवून महिनाभर उपाशी राहण्यासारखेच. अर्थात एवढ्यावरून बालपणीच्या खेळानेच सर्व काही घडते, असे म्हणता येणार नाही. घरची राहणी आणि मुळातली प्रकृती यांचाही त्यात वाटा असतोच.

तरी खेळ मागे काय ठेवून जातो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. धावणे, वळणे, झेलणे, तोल सावरणे या गोष्टी अंगात मुरतात. लहानपणी पोहायला शिकलेला माणूस पन्नाशीतही पाण्याला बुजत नाही. दुसरे म्हणजे सोबती मिळतात, आणि संध्याकाळ झाली की पाय आपोआप बाहेर वळतात. आपल्या तालमीत हेच होते. तेथे दहा वर्षांचा पोर आणि चाळिशीचा गडी एकाच मातीत उतरत. पोराला समोर दिसे की, मोठेपणीही व्यायाम करावयाचा असतो. आजच्या मुलाला घरात काय दिसते, हे ज्याचे त्याने पाहावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. तिच्याच संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे २०१६ साली जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या शंभर मुलामुलींपैकी ८१ जण एवढे हलत नव्हते. मुलगे ७८, मुली ८५. मुली मागे का, याचे उत्तर आपल्या घरातच सापडेल. मुलगी मोठी झाली की तिचे मैदान आपण बंद करतो. मुलाचे मैदान दहावीच्या वर्षी बंद होते. ‘एक वर्ष अभ्यास कर, मग खेळ,’ असे आपण म्हणतो. पण ते ‘मग’ बहुधा येतच नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. शाळेने एक संघ जरूर निवडावा. पण उरलेल्या मुलांचेही दोन संघ करून त्यांना खेळवावे. त्यांना ढाल मिळाली नाही तरी चालेल. दहावीच्या वर्षी संध्याकाळचा एक तास तोडू नये. गावाचे मैदान लग्नसमारंभांना आणि प्रदर्शनांना भाड्याने दिले जाते, तेव्हा मुलांनी खेळावे कोठे, हा प्रश्न आपण नागरिकांनी सभेत उठून विचारावा.

ढाल आणणारी मुले स्वतःची वाट काढतात. भिंतीवर बसलेल्यांना मात्र कोणीतरी हाक मारावी लागते. आम्हांला ती फार उशिरा आली. आपल्या मुलांना ती वेळेवर यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.