जाळ्याचा आस आणि आपले कर्तव्य



डहाणूपासून झाईपर्यंत आपली कुटुंबे समुद्रावर पोसली गेली. पण समुद्र हे अक्षय्यपात्र नव्हे. सन १९८१ च्या सागरी मासेमारी अधिनियमाने मर्यादा घातल्या. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते. सन २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला. परंतु त्याची पिले डोल जाळ्यांत सापडतात, तेथे दर जाळ्यापाशी शिपाई कोठून उभा राहणार? कायदा सरकारने करावा, राखण गावाने करावी. आमची सूचना अशी की, प्रत्येक सोसायटीने बारीक आसाच्या जाळ्यांविषयी ठराव करावा, अधिकाऱ्यांस सभेला बोलवावे आणि नियम आपल्या-परक्यास सारखाच लावावा. आज पोटाला चिमटा बसेल, हे आम्ही जाणतो. पण बियाणेच खाल्ले, तर पेरणार काय?