खालाची मापं

(हिंगोली येथील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)

दोस्तांनो, मला इथं बोलावलंय ते करिअरवर बोलायला. पुणे, कोडिंग, पॅकेज वगैरे. ते चहाच्या वेळी विचारा. आज मी माझ्या खालाबद्दल बोलणार आहे.

खाला शिवणकाम करते. ईदच्या आधी घरात कपड्यांचे ढीग, पण कुणाचं माप तिनं कधी वहीत लिहिलं नाही. सगळं डोक्यात. मग दोनेक वर्षांत ती बदलत गेली. एकीच्या मापाचा कुर्ता दुसरीला. गॅसवर दूध ठेवून विसरायची. बोलता बोलता शब्द सापडेना. चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र बारीक. जरा लागलं की काळंनिळं. पाळी थांबली. घरात ठरलं, बाहेरचं काहीतरी आहे. ताईत झाला, उतारा झाला. आणि मी, इंजिनिअर भाचा, फोनवर म्हणालो, "खाला, टेन्शन घेऊ नका, मोबाइल कमी बघा." उतारा काढणाऱ्यापेक्षा मी काय वेगळं केलं?

शेवटी रक्त-लघवीच्या तपासण्या आणि एमआरआय झाला. पिट्युटरी ग्रंथीत काही मिलिमीटरची गाठ निघाली. आजाराचं नाव कुशिंग. हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जननं 1912 मध्ये असा रुग्ण नोंदवला आणि 1932 मध्ये या आजाराचा संबंध पिट्युटरीच्या गाठीशी लावला.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागं. ज्या हाडाच्या खोबणीत ती बसते तिचं लॅटिन नाव सेला टर्सिका, म्हणजे तुर्की खोगीर. थायरॉइड, अॅड्रिनल, अंडाशय, सगळ्यांना हुकूम इथून सुटतो. इथल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. म्हणून लोक 'साधी गाठ' म्हणतात. पण गाठ वर वाढली तर डोळ्यांच्या नसा दाबते आणि बाजूचं दिसेनासं होतं. ग्रंथीच दबली तर हार्मोन कमी पडतात. थायरॉइडचा हुकूम थंडावला की विचारही संथ होतो.

खालाच्या बाबतीत उलट होतं. तिची गाठ अॅड्रिनलला सारखी जादा कॉर्टिसॉल बनवायला लावत होती. मेंदूत नवी आठवण पक्की करणारा भाग आहे हिपोकॅम्पस, आणि त्यावर कॉर्टिसॉलचा परिणाम फार होतो. कुशिंगच्या रुग्णांत हा भाग आकसलेला आढळतो. उपचारानंतर तो थोडाफार भरून येतो. थोडाफार, हे मुद्दाम सांगतो. कारण नाकावाटे ऑपरेशन झालं, रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरचे म्हणाले, "आता बरी झालीस, आता का विसरतेस?" रिपोर्ट सुधारला म्हणजे डोकं लगेच पहिल्यासारखं होत नाही. कित्येकांना पुढंही लक्ष लागत नाही, थकवा राहतो.

ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल एकदम घसरतं. मग काही महिने, कुणाला त्याहून जास्त, हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. त्या चुकवणं जिवावर बेतू शकतं. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवायचा. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर थेट दवाखाना आणि इंजेक्शन. आता बघा, विसरणाऱ्या बाईवरच ही जबाबदारी! मी तीन अलार्मचं अॅप बनवून दिलं. तिनं उघडलंही नाही. चाललं ते तिच्या मुलीनं कॅलेंडरवर मारलेल्या फुल्यांवर. रमजानात डॉक्टरांनी रोजे नको म्हटले तेव्हा खाला रडली. शेजारणी कुजबुजल्या. आजाऱ्याला रोज्यात सूट आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच!

मुलांनो, तुमच्यासाठी आणखी एक. याच ग्रंथीतली दुसरी गाठ प्रोलॅक्टिन वाढवते. पाळी थांबते, मूल राहत नाही, कधी मूल नसतानाही दूध येतं. पुरुषांनाही होते. बहुतेकदा ती गोळ्यांनीच आटोक्यात येते. सुनेला दोष देण्याआधी आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी करण्याआधी दोघांची तपासणी करा.

अशा रुग्णाला ओपीडीत एकटं पाठवू नका. काय विसरतो हेच तो विसरतो. तुम्ही कागदावर लिहून न्या. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, एजंटाला नको.

खाला आता मापं वहीत लिहिते. हा माझा कुर्ता त्याच वहीतला.