शाळेचे दप्तर कोणाच्या हाती?

(उंब्रज येथे उन्हाळी शिबिराच्या पूर्वतयारीसाठी जमलेले शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण.)



शिबिराची पूर्वतयारी म्हटली की आपल्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो बौद्धिकांचा. वक्ते कोण, विषय कोणते, यावर तास दोन तास चर्चा होते. त्यानंतर गाणी, खेळ आणि श्रमदान यांची पाळी येते. नोंदणी, शिधा, पावत्या, पालकांची संमतिपत्रे, परतीची तिकिटे हे विषय मात्र अगदी शेवटी, चहा आल्यावर निघतात आणि ‘ते आपले अमुक पाहतील’ एवढ्या एका वाक्यात उरकले जातात. आज मला या अमुकांविषयीच बोलायचे आहे. कारण शाळा किंवा शिबिर पुरोगामी आहे की नाही, याचा निर्णय केवळ वर्गात आणि व्याख्यानाच्या मांडवात होत नाही. तो कार्यालयाच्या टेबलावर आणि स्वयंपाकघराच्या चुलीपाशीही होतो. नोंदवही लिहिणारा, घंटा देणारा, भाकरी भाजणारी या साऱ्यांचे काम हा शिक्षणाचाच भाग आहे, असे आपण मनापासून मानतो काय, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या समाजाने दप्तराची सत्ता चांगली अनुभवली आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात अक्षरशत्रू शेतकरी कागदाच्या जोरावर कसा नागवला जातो, याचेच दर्शन घडते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या जमिनीचा, कर्जाचा आणि वारशाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. आणि वही ज्याच्या हाती, त्याचा शब्द अखेरचा ठरतो. बहुजनांच्या शिक्षणाची चळवळ मुळाक्षरांपुरती नव्हती. कुळकर्ण्याच्या दप्तराकडे लाचारीने पाहणाऱ्यांच्या मुलांनी स्वतःचे दप्तर स्वतः सांभाळावे, हाही तिचा एक अर्थ होता. म्हणून शाळेच्या कार्यालयातील कामाला ‘कारकुनी’ म्हणून नाक मुरडणे आपल्याला शोभत नाही.

शाळेत ‘जनरल रजिस्टर’ नावाची एक जाडजूड वही असते. मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, गाव आणि आधीची शाळा या गोष्टी तिच्यात एकदा उतरल्या की त्या माणसाचा जन्मभर पाठलाग करतात. आपल्यापैकी पन्नाशी-साठी गाठलेल्या कितीजणांची जन्मतारीख १ जून आहे, हे एकमेकांना विचारून पाहा. जूनमध्ये शाळा उघडे, आईवडिलांना तारीख ठाऊक नसे आणि गुरुजी सोयीची तारीख घालून देत. ही हकिगत आपण हसत सांगतो. परंतु नोकरीची वयोमर्यादा आणि निवृत्तीचा दिवस त्या एका ओळीवरून ठरले, हे विसरतो.

जातीच्या नोंदीची गोष्ट याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवताना अनुसूचित जातींच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिवशी किंवा त्यापूर्वी आपले कुटुंब इथलेच होते, असा पुरावा द्यावा लागतो. भटक्या कुटुंबाकडे सातबारा कोठला? घरपट्टीची पावती कोठली? आजोबा चार महिने एखाद्या शाळेत बसले असतील, तर त्या शाळेच्या वहीतील एक ओळ हाच त्यांचा पुरावा असतो. ती ओळ कोणी तरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्वच्छ अक्षरात लिहिली, आणि त्यानंतर कोणी तरी ती वही वाळवीपासून आणि पावसापासून वाचवली, म्हणून आज नातीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. त्या दोघांची नावे कोणत्याही शताब्दीच्या स्मरणिकेत सापडणार नाहीत.

आपल्या भागातले दुसरे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठी ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुले येतात आणि हंगाम संपला की निघून जातात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात म्हटले आहे की, शाळा बदलणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये. कायदा चांगला आहे. परंतु तो अमलात येतो तो कार्यालयाच्या खिडकीपाशी. तेथे बसलेल्या माणसाने ‘दाखला आणा, मग बघू’ म्हटले की कायदा संपला. त्यानेच ‘ये बाळ, आधी वर्गात बस, कागद मी मागवतो’ म्हटले, तर कायदा जिवंत झाला. शिक्षण हमी कार्ड भरणे, आधीच्या शाळेशी संपर्क साधणे आणि हंगाम संपताना ते कार्ड मुलाच्या हाती पुन्हा देणे, हे कारकुनी काम आहे हे खरे. पण त्याच्याशिवाय त्या मुलासाठी दुसरे कोणतेही शिक्षण संभवत नाही.

याच कराड तालुक्यातील काले या गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. भाऊरावांनी त्यापूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकले होते. उत्पादन, विक्री आणि हिशेब यांचा व्यवहार त्यांनी हाताळला होता. ध्येयाला जमाखर्चाचा आधार लागतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु पंक्तीला बसण्यापूर्वी धान्य यावे लागते, ते निवडावे आणि शिजवावे लागते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. त्यांच्या त्यागाला आपण वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. पण वंदन करून आपण मोकळे होतो, हे मात्र योग्य नाही. एका महान संस्थेचा पाया एका स्त्रीच्या बिनमोल श्रमावर उभा राहिला, तर त्यापासून घ्यायचा धडा ‘असा त्याग पुढेही मिळत राहो’ हा नव्हे. तशा त्यागाची गरज पुन्हा कोणाला पडू नये, अशी व्यवस्था उभी करणे हा तो धडा आहे.

येथे कोणी विचारील की, कर्मवीरांच्या वसतिगृहात मुलेच झाडत होती, स्वयंपाक करीत होती, शेतात राबत होती. मग आजच्या शाळेला शिपाई कशाला हवा? आक्षेप वाजवी आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. ‘कमवा आणि शिका’ या पद्धतीत श्रम सर्व जातींच्या मुलांना सारखे वाटून दिलेले होते, आणि त्या श्रमाच्या बदल्यात गरीब मुलाला फी आणि अन्न यांची चिंता राहत नव्हती. सरकारने पद भरले नाही म्हणून मुलांच्या हाती झाडू देणे ही गोष्ट वेगळी आहे. तिच्यात झाडू बहुधा मुलींच्या हाती जातो; आणि पाहू नये ते पाहायला गेलात, तर ठराविक वस्त्यांतल्या मुलींच्या हाती जातो. पहिल्या पद्धतीत श्रमाची प्रतिष्ठा वाढते. दुसरीत जुनी जातवार वाटणी शाळेच्या आवारात परत येते.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात श्रमाची उत्पादक आणि अनुत्पादक अशी विभागणी केली आणि घरगड्यांबरोबरच विद्वानांनाही अनुत्पादकांच्या रांगेत बसवले. त्या यादीतून शिक्षक केव्हाच बाहेर पडला. शिक्षणाला आता गुंतवणूक म्हणतात. कारकून, शिपाई आणि स्वयंपाकीण मात्र सरकारच्या मनात अद्याप त्याच यादीत आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक यांसाठी मिळून एक खोली सांगितली आहे. परंतु त्या कार्यालयात बसणाऱ्या लिपिकाचे पद सांगितलेले नाही. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने अनुदानित शाळांतील शिपायांची पदे निवृत्तीबरोबर संपवण्याचे आणि त्यांच्या जागी ठोक भत्ता देण्याचे ठरवले; ग्रामीण भागासाठी हा भत्ता महिना ५,००० रुपये होता. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायांसाठी केंद्राने २००९ साली महिना १,००० रुपये मानधन ठरवले. महाराष्ट्राने ते २०२३ मध्ये २,५०० केले. हिला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, हेही ध्यानात घ्या. मुले शिपायाला ‘मामा’ म्हणतात आणि स्वयंपाकिणीला ‘मावशी’. शब्द गोड आहेत. पण नात्याच्या गोडव्याने किराणा दुकानाची उधारी फिटत नाही.

पद रद्द केले म्हणून काम रद्द होत नाही, हा यातला साधा हिशेब आहे. खर्च फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नाही. म्हणून ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ची माहिती शिक्षक भरतो, आणि तितका वेळ चौथीचा वर्ग गुरुजींवाचून बसतो. सरकारच्या पुस्तकात ही बचत दिसते. मुलाच्या पाटीवर ती तूट म्हणून उतरते. आणि ही तूट ज्यांना खासगी शिकवणी परवडत नाही, त्यांच्याच वाट्याला येते. १९७७ च्या खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या कायद्याने ‘कर्मचारी’ या शब्दात शिक्षक आणि शिक्षकेतर अशा दोघांचाही समावेश केला होता. मोठ्या संघर्षातून आलेले ते तत्त्व होते. आज पदे गोठवून आणि भत्ते वाटून ते तत्त्व आतून पोखरले जात आहे. याविरुद्धचा लढा एकट्या शिक्षकेतर संघटनांचा आहे, असे समजून शिक्षकबांधवांनी अंग काढून घेऊ नये.

आता आपल्या शिबिराकडे येतो. सरकारला नावे ठेवणाऱ्यांनी आपले अंगण आधी झाडावे. माझ्या काही स्पष्ट सूचना आहेत.

पहिली अशी की, नोंदणी, हिशेब व भोजनव्यवस्था पाहणारे कार्यकर्ते शिबिराच्या समितीचे पूर्ण सभासद असावेत. किती मुले घ्यायची हे वक्त्यांच्या सोयीने नव्हे, तर शिधा, निवारा आणि पाणी यांच्या हिशेबाने ठरावे.

दुसरी, प्रत्येक मुलाची नोंद शिबिरापूर्वी पुरी व्हावी. पालकाची सही किंवा अंगठा, घरचा दूरध्वनी, आजार, चालू औषध आणि परत न्यायला कोण येणार त्याचे नाव, यातले काहीही शिबिर सुरू झाल्यावर गोळा करायचे नसते. कृष्णा आणि तारळी जवळ आहेत. मे महिन्यात पोरांना पाण्याची ओढ लागणारच. सकाळ-दुपार-संध्याकाळ हजेरी घेणारा माणूस तेथे सर्वांत मोठ्या वक्त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

तिसरी, ज्यांना शुल्क परवडत नाही अशांची नावे एकाच व्यक्तीच्या वहीत राहावीत. ती मांडवात वाचली जाऊ नयेत, आणि सवलतीची मुले व पैसे भरलेली मुले यांच्या बिल्ल्यांत कोणताही फरक नसावा. समतेवर दहा बौद्धिके देऊन जे साधत नाही, ते एका नीट ठेवलेल्या वहीने साधते.

चौथी, स्वयंपाक करणाऱ्या बायांची मजुरी आधी ठरवावी आणि वेळेवर द्यावी. वक्त्यांचा प्रवासखर्च त्यानंतर. कार्यकर्त्या मुलींना गृहीत धरून भटारखान्यात पाठवू नये; वाढण्याच्या आणि भांडी घासण्याच्या पाळ्या सर्वांना लावाव्यात, त्यातून पाहुण्यांनाही सूट नसावी.

पाचवी आणि शेवटची, समारोपाच्या दिवशी जमाखर्च मुलांसमोर वाचून दाखवावा. तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला आणि पैसे कोठून आले, हे बारा वर्षांच्या मुलाला सहज समजते. लोकांचा पैसा लोकांपुढे मांडायचा असतो, हा संस्कार त्या वयात झाला, तर पुढे तो मुलगा ग्रामपंचायतीत, सोसायटीत आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत हिशेब मागायला उभा राहील. लोकशाहीचे याहून चांगले बौद्धिक मला ठाऊक नाही.

मित्रहो, हे शिबिर ज्यांच्या कामावर चालणार आहे, ती माणसे या सभेतही बहुतेक मागच्या रांगेत बसली आहेत. पुढच्या बैठकीत चहापूर्वी पहिला विषय त्यांनी मांडावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.