डायब्लो इमॉर्टल: पंधरा दिवस खेळून झाल्यावर

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

आज थेट मुद्द्यावर येतो, कारण गेल्या दोन आठवड्यांत आलेल्या तुमच्या मेसेजेसपैकी निम्मे तरी एकाच गेमबद्दल आहेत. डायब्लो इमॉर्टल. २ जून २०२२ ला आला, आणि तेव्हापासून इंटरनेटवर नुसती बोंबाबोंब चालू आहे. एक म्हणतो मोबाईलवरचा सगळ्यात भारी गेम, दुसरा म्हणतो नुसती लूट. पंधरा दिवस खेळल्यावर मला वाटतं, दोघंही बरोबर आहेत.

एका श्रोत्याचा मेसेज वाचून दाखवतो. "दादा, नोकरी लागली, पहिला पगार झाला. डायब्लोमध्ये हजार-दोन हजार टाकू का? सुरुवातीला थोडे टाकले की पुढे सोपं जाईल ना?" मित्रा, आधी अभिनंदन! पगाराचं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण त्याआधी गेम काय आहे ते सगळ्यांना कळू दे.

ज्यांना डायब्लो माहीतच नाही त्यांच्यासाठी: ही पीसीवरची जुनी मालिका. दुसरा भाग २००० साली आला, तिसरा २०१२ साली. वरून बघायचा कॅमेरा, राक्षसांचे थवेच्या थवे, ते मारायचे, त्यांच्याकडून पडलेली शस्त्रं-चिलखतं उचलायची, ती घालून आणखी मोठे राक्षस मारायचे. बस, एवढंच. पण या 'एवढंच'पायी लोकांनी रात्रीच्या रात्री जागवल्या आहेत. इमॉर्टलची गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये घडते. वर्ल्डस्टोन नावाचा दगड फुटलाय, त्याचे तुकडे जगभर विखुरलेत, आणि स्कार्न नावाच्या राक्षसाला ते हवे आहेत. म्हातारा डेकर्ड केन इथेही आहे. जुने खेळाडू त्याला बघून खूश होतील.

आणखी एक किस्सा सांगायलाच हवा. २०१८ च्या ब्लिझकॉनमध्ये हा गेम पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हा समोरच्या पीसीवाल्या प्रेक्षकांनी चक्क नाराजीचा आवाज केला. तेव्हा स्टेजवरच्या डिझायनरने विचारलं, तुम्हा लोकांकडे फोन नाहीत का? त्यावर वर्षानुवर्षं मीम चालले. पण आपल्या बाजूने बघा ना. आपल्यातल्या किती जणांकडे गेमिंग पीसी आहे? आपल्याकडे फोनच आहे! हा गेम नकळत आपल्यासाठीच जाहीर झाला होता, म्हणून मला त्याच्याबद्दल जास्त उत्सुकता होती.

आणि खेळायला तो खरोखर मस्त आहे, अगदी मनापासून सांगतो. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मारायचं. मानाची भानगड काढून टाकली आहे, प्रत्येक स्किलला फक्त थांबायचा वेळ. काही स्किल्स बटण दाबून ओढली की नेम धरता येतो. मी नेक्रोमॅन्सर घेतला. २०२२ मध्ये गेम आला तेव्हा सहा क्लास होते: बार्बेरियन, क्रुसेडर, डीमन हंटर, मंक, नेक्रोमॅन्सर, विझार्ड. माझ्या मागे सांगाड्यांची फौज चालते, समोर कोणी मेला की त्याचं प्रेत फोडून बाजूचे चार जण उडवायचे. एवढ्याशा स्क्रीनवर इतकी गर्दी असूनही कोण कुठे आहे हे कळतं, हे सोपं काम नाही. दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे लढाई आपोआप चालत नाही. बरेच मोबाईल एमएमओ असे असतात की 'ऑटो' दाबा आणि जेवायला जा. इथे पात्र पुढच्या मिशनच्या ठिकाणापर्यंत स्वतः चालत जातं, पण मारायचं तुम्हालाच.

मग मल्टिप्लेयर. वेस्टमार्च नावाचं शहर आहे, तिथे सगळे खेळाडू इकडेतिकडे पळताना दिसतात. डंजनमध्ये चार जणांची टोळी. अनोळखी लोकांबरोबर पंधरा मिनिटांत एक डंजन संपतं, कोणी बोलत नाही, शेवटी सगळे आपापल्या वाटेने. एकटं खेळायची सवय असेल तर हरकत नाही, पण कधी कधी बाकीचे तिघं माणसं आहेत की भुतं, असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा ओळखीच्या लोकांचा आठ जणांचा वॉरबँड करा, मजा येते.

कथेचा प्रवास लेव्हल साठपर्यंत. मध्ये दोन-तीन ठिकाणी गोष्ट अचानक थांबते आणि म्हणते, आधी लेव्हल वाढवून ये. तेव्हा त्याच त्या कामांच्या फेऱ्या माराव्या लागतात. कंटाळवाणं आहे, पण चालतं. फुकटात एवढी मोठी, एवढी सुंदर बनवलेली गोष्ट मिळतेय.

आता दुकानाकडे वळू. मॅड किंग्ज ब्रीच हे सुरुवातीचं डंजन संपवलं, स्केलेटन किंग पडला, आपण जरा छाती फुगवून बसलोय, तोच स्क्रीनवर एक बंडल येतं. ०.९९ डॉलर. म्हणजे वडापावच्या दोन-चार प्लेटा. आणि लिहिलेलं असतं की किमतीच्या कितीतरी पट माल आहे. पुढचं डंजन संपवलं की पुढचं बंडल, किंमत हळूहळू वर. मला हे बघून लोकलमधला खेळणीवाला आठवला. तो आधी वस्तू पोराच्या हातात देतो, पैशांचं नंतर बोलतो.

खरा खेळ साठच्या पुढे सुरू होतो. तिथे ताकद ठरते लेजेंडरी जेम्सवर. असे सहा जेम लावता येतात. ते मिळवायचा मुख्य मार्ग म्हणजे एल्डर रिफ्ट. दारात क्रेस्ट टाकायचे, आत जायचं, दोन-चार मिनिटांत राक्षस मारायचे, शेवटी जेम पडतो. लेजेंडरी क्रेस्ट टाकला तर जेम नक्की मिळतो, पण कोणता ते नशीब. फुकटात असे क्रेस्ट महिन्याला बोटांवर मोजण्याएवढे. विकत घ्यायचा तर एक साधारण अडीच डॉलरला. पंचतारांकित जेम पन्नास क्रेस्टच्या आत एकदा येईलच अशी हमी आहे. गुणाकार करा. पन्नास गुणिले अडीच म्हणजे सव्वाशे डॉलर, २०२२ च्या भावाने जवळपास दहा हजार रुपये. एका जेमसाठी!

आणि थांबा, अजून संपलं नाही. त्या पाच ताऱ्यांतही प्रकार आहेत. पाचपैकी दोनच तारे पेटलेला जेमसुद्धा पंचतारांकितच म्हणवतो. पाचही तारे पेटलेला जेम एका क्रेस्टमधून मिळण्याची शक्यता साधारण दोन हजारांत एक. आणि असा जेम मिळाला तरी तो वाढवायला त्याच जेमच्या आणखी प्रती लागतात.

म्हणजे बघा, राक्षस मारणं हे फक्त लॉटरीचं तिकीट फाडण्याचं निमित्त झालं. लढाईच्या गोंगाटात आपण जुगार खेळतोय हे लक्षातच येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच गोष्ट. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये हा गेम आलेलाच नाही, तिथल्या लूट बॉक्सविषयीच्या कायद्यांमुळे. आपल्याकडे लूट बॉक्ससाठी असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे लगाम आपल्याच हातात.

कोणी म्हणेल, बीजीएमआयमध्येही लोक पैसे घालतातच की. घालतात. पण तिथे पैशाने कपडे मिळतात, बंदुकीवर चकाकी येते. गोळी सगळ्यांची सारखीच लागते. हेडशॉट मारणाऱ्याच्या अंगात फाटकी बनियन असली तरी समोरचा सोन्याचा सूटवाला पडतोच. इथे तसं नाही. इथे जेम जास्त असणाऱ्याचा वारच जड पडतो, आणि खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईत ते लगेच जाणवतं. शॅडोज आणि इमॉर्टल्स अशा दोन गटांची सत्तेची लढाई आहे. त्यात इमॉर्टल्सचा म्होरक्या एकटा राक्षसासारखा मोठा होऊन तीस जणांशी लढतो. कल्पना म्हणून जबरदस्त आहे! फक्त सर्व्हरच्या त्या सिंहासनापर्यंत पोचणारा माणूस बोटांच्या जोरावर पोचला की क्रेडिट कार्डाच्या, हा प्रश्न मनातून जात नाही.

तर मित्रा, पहिल्या पगारवाल्या, तुझं उत्तर. हजार-दोन हजारांनी पुढे सोपं जाणार नाही. लेव्हल साठपर्यंत एक रुपयाही न टाकता गोष्ट पूर्ण होते, मी तशीच केली. आणि साठच्या पुढे दोन हजार म्हणजे साधारण दहा क्रेस्ट. त्यातून बहुतेक एक-दोन ताऱ्यांचे जेम निघतील, तुझी शर्यत असेल ती लाखांत खर्च करणाऱ्यांशी, आणि पुढच्या महिन्यात तू पुन्हा मला हाच मेसेज करशील. ९.९९ डॉलरचं तीस दिवसांचं पॅकेजही आहे, म्हणजे २०२२ च्या भावाने पावणेआठशे रुपये. ते वाईट नाही, पण एक दिवस लॉगिन चुकलं की त्या दिवसाचं बक्षीस गेलं. म्हणजे पैसे देऊन वर रोजची हजेरीही लावायची. ऑफिसात लावतोयस तेवढी पुरे की.

आणि घरात लहान भावंडं असतील तर एक काम आजच करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. आईच्या फोनवरही. कार्ड जोडलेलं असेल तर ०.९९ डॉलरच्या खिडकीवर बोट पडायला पोराला एक सेकंद लागतो.

मी पुढे काय करणार? नेक्रोमॅन्सर साठला पोचला आहे. आता दुसरं पात्र म्हणून मंक सुरू करतोय, पुन्हा वॉर्थमपासून, कारण तो पहिला साठ लेव्हलचा प्रवास मला परत करावासा वाटतो. रिफ्टच्या दारासमोर उभं राहावंसं वाटत नाही. तुमचा क्लास कोणता आणि तुम्ही कुठवर पोचलात ते कळवा. ज्यांनी पैसे टाकलेत त्यांनीही बिनधास्त लिहा, काय पडलं हातात ते सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. नाव नको असेल तर नाव घेणार नाही. चला, भेटू!